आईचे उघडे डोळे

तोंडावर फ्लॅश मारणाऱ्या फोटोग्राफरांचा मला भारी राग येतो. मी स्वतः मोताळ्यात लग्नांचे फोटो काढतो, तरी येतो. आमच्या घरच्या सगळ्या अल्बममध्ये माझी आई डोळे मिटून बसलेली आहे. समोर कॅमेरा आला की ती डोक्यावरचा पदर सावरते आणि उजेड पडायच्या आधीच डोळे गच्च मिटून घेते. तिच्या आईचा, म्हणजे माझ्या आजीचा, तर एकही फोटो नाही.

म्हणून नवा फ्लॅश घेताना मी दुकानदाराला एवढंच विचारलं, याची मान वर वळते का? तो बिचारा फ्लॅशची ताकद सांगत बसला होता. ताकद घेऊन मला काय करायचंय!

भाचीच्या हळदीला आईला खुर्चीवर बसवलं आणि फ्लॅशचं तोंड पांढऱ्या छताकडं केलं. उजेड छतावर आपटला की मऊ होऊन खाली येतो. आईला वाटलं, मशीनची मान मोडली.

"काऊन रे, बिघडलं का?" म्हणत तिनं काळजीनं माझ्याकडं पाहिलं. तेवढ्यात मी बटण दाबलं.

"छताचा फोटो काढून राह्यला का?" ती चिडलीच.

मी कॅमेऱ्याचा स्क्रीन तिच्यापुढं धरला. हळदीचे हात पदराला पुसून तिनं कॅमेरा मांडीवर घेतला आणि कितीतरी वेळ पाहत राहिली.

मग हळूच म्हणाली, "माही माय माह्याकडे अशीच पाहे."