बारडोलीच्या पुढे, ऊसतोडीच्या पडावावर डोळे तपासताना

रविवारी सुरतेचे लोक डुमसच्या किनाऱ्यावर भजी खायला जातात. मी डोळे तपासायला गेले. लिंबायतमध्ये माझं चष्म्याचं दुकान आहे. बारडोलीपुढच्या ऊसतोडीच्या पडावावर आजवर कुणी डोळे बघायला गेलेलंच नाही हे कळलं आणि माझं डोकंच फिरलं. दीड तासाची तर वाट! एका धर्मादाय दवाखान्याची व्हॅन मिळवली आणि चालक रफिकभाईंसोबत सातला निघाले.

पलसाण्यापर्यंत रस्ता झकास, फक्त डाइंग मिलच्या वासापायी काचा वर ठेवा. बारडोलीत गरमागरम लोचो खा, पन्नास रुपयांत पोट भरतं. पुढे मात्र उसाच्या ट्रॉलीमागे सापडलात की झालंच कल्याण.

पडावावर झाडाला तक्ता टांगला. त्यावर तीन दातांच्या खुणा असतात, दात कुठे वळलेत ते हातानं दाखवायचं. अक्षरओळख लागत नाही. धुळ्याकडच्या कमलबाईंनी डावा डोळा झाकून शेवटची ओळसुद्धा धडाधड दाखवली. पण उजव्याची बाहुली तर पांढरीफटक! मी तक्ता उलटा टांगला. बाईंचे हात तस्सेच. पुढच्या बायकांचं बघून सगळं पाठ केलेलं.

आधी राग आला, मग रडूच फुटायला आलं. त्या हळूच म्हणाल्या, "मना डोया गया असं लिखू नका, ताई. कोयता जाई मना."

तोड नवरा-बायकोच्या जोडीनं चालते, त्या जोडीलाच कोयता म्हणतात. एकाला दिसेनासं झालं की दोघांची रवानगी. मी समजावलं, मोतीबिंदू आहे, ऑपरेशननं दिसेल, पण महिनाभर उसात जायचं नाही. टोळीचा मुकादम मध्ये पडला, म्हणे हंगाम संपल्यावर बघू. मी म्हटलं, तोवर डोळा गेला तर जबाबदारी तुझी, दे लिहून. तो म्हणाला, गेली तर परत येऊ नको म्हणावं.

कमलबाईंनी कोयता नवऱ्याच्या हातात दिला आणि व्हॅनच्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. सोमवारी ऑपरेशन झालं. मंगळवारी पट्टी निघाली तेव्हा डावा डोळा झाकून रफिकभाईंच्या पांढऱ्या दाढीकडे बघत म्हणाल्या, मेंदी लावा की.

घरी आल्यापासून लोक विचारतात, एका रविवारानं काय होणार? सगळं नाही होत, कबूल. म्हणून काय दुकानात बसून राहू? मुकादमानं आठवडाभर आदळआपट केली, शेवटी जोडी ठेवलीच. तोडणारे मिळतात कुठे त्याला?

काल कमलबाईंचा फोन आला. पडावावरच्या आणखी दोघींना जीपमध्ये बसवून त्या दवाखान्यात पोचल्यासुद्धा. मी घाबरतच विचारलं, मुकादमाला सांगितलंत ना?

"त्याले काय इचारानं? डोया आमना शेतस, त्याना नहीत."