चपलेतली किल्ली

चर्चच्या पायरीशी आल्या की बाई चपला काढायच्या, उजव्या चपलेत दाराची लांब किल्ली ठेवायच्या आणि पायरीवर बसायच्या. दोन्ही हात मांडीवर, तळवे वर. डोळे कधी मिटलेले, कधी समोरच्या कडुनिंबावर. दहा-पंधरा मिनिटं त्या काहीच करायच्या नाहीत. मग उठून कुलूप काढायच्या.

"आदी भेट, मंग दार," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

सांगलीतल्या आमच्या लहानशा मंडळीत दार उघडणं आणि झाडलोट त्यांच्याकडे होती. त्याआधी, उमेदीच्या काळात, त्या बायबलबाई होत्या. औंधच्या बाजूच्या खेड्यांतून पायी फिरायचं आणि बायकांमध्ये बसून येशूच्या गोष्टी सांगायच्या, हे त्यांचं काम. त्यांना नाव होतं, पण सगळे नुसतं 'बाई' म्हणत. इथंही तेवढंच राहू दे. मी निवृत्त शिक्षक आणि मंडळीचा सेक्रेटरी. मला त्या मास्तर म्हणत.

रविवारी लवकर येणाऱ्यांना उन्हात उभं राहावं लागे. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या सभेत तक्रार आली. तक्रार करणारे पंच वेळेचे पक्के, बँकेतून निवृत्त झालेले. मी इतिवृत्तात लिहिलं : 'दार उघडण्यास विलंब होतो. बाईंना समज द्यावी.' समज द्यायला अर्थात मलाच पाठवलं.

"बाई, बसायचंच तर आत जाऊन बसा की. लोकांनाही सावली मिळेल."

"आत गेलं की झाडू दिसतो, मास्तर. एकदा झाडू दिसला की मला देव दिसत न्हाई."

यावर काय समज देणार? पुढच्या सभेत मी 'समज दिली' असं सांगितलं. कोणी कोणाला दिली, ते विचारलं गेलं नाही.

बाई संतबिंत नव्हत्या, हेही सांगितलं पाहिजे. गाताना त्या सगळ्यांच्या अर्धी ओळ पुढे असत आणि चूक पेटीवाल्याची आहे असं ठाम मानत. चहात साखर कमी पडली की, "कुनाच्या दुखवट्याचा च्या हाय ह्यो?" असं विचारत. झाडत असताना कोणी ओल्या फरशीवरून गेलं, तर तो उपासना चालवणारा पाळक असला तरी ऐकून घ्यावं लागे. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. ती समोर असताना आपल्याला त्यांची चहावरची कुरकुरच जास्त दिसते.

माझी पत्नी गेली त्यानंतर मी चर्चच्या कामाला फार लागलो. छपराची दुरुस्ती, गीतांच्या वह्या, आजाऱ्यांची यादी, सगळं मी ओढून घेतलं. लोक म्हणत, सेक्रेटरींनी दुःख किती छान पेललं. खरी गोष्ट एवढीच होती की त्या दिवसापासून मी प्रार्थना केली नव्हती. उपासनेत डोळे मिटायचो आणि मनात खुर्च्या मोजायचो. देवाच्या घरात इतकं काम होतं, की देवाची गाठ पडायची भीती नव्हती.

दोन वर्षांनी उपकारस्तुतीचा, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा, सण आला. चर्चसाठी लिलाव करायला तासगावहून द्राक्षं यायची होती, बाहेरचे पाहुणे होते. कार्यक्रमपत्रिका मी लिहिली, तपासली, छापून आणली. पंचांनी वाचली, पाळकसाहेबांनीही वाचली. सणाच्या आदल्या सकाळी बाईंनी पायरीवर बसून ती बोटानं ओळ धरत वाचली, आणि पुन्हा वरपासून वाचली.

"मास्तर, स्वागत हाय. सत्कार हाय. भाषनं तीन. लिलाव, आभार, जेवान. पाव्हनं लय झालं. पर ज्येच्या घरी आलोय, त्येला कुटं बसवलंय?"

मी कागद हातात घेतला. प्रार्थना कुठेच नव्हती. मी विसरलो होतो आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"पेनानं लिहितो," मी म्हटलं.

"कागदावर लिवाल. तुमचं काय?" त्या म्हणाल्या. "कवापास्नं बोलला न्हाई त्येच्याशी?"

शाळेत तीस वर्षं प्रश्न विचारलेल्या माणसाला खोटं उत्तर सुचायला हवं होतं. सुचलं नाही. "ती गेल्यापासून," मी म्हणालो.

बाईंनी किल्ली चपलेत सरकवली आणि शेजारची जागा पदरानं पुसली.

"माजं बी झालं हुतं तसं. तवा दिसाला तीन गावं करायची मी. लय नाव हुतं माजं. एका गावात एक म्हातारी शेंगा फोडत बसल्याली. मी सांगतीया, देव जवळ हाय, देव आयकतो. ती म्हनली, बाई, आज काय बोलला तो तुमच्याशी? सकाळी उठले ती चालायलाच लागल्याली. काल बी तसंच, परवा बी तसंच. म्हातारीनं पानी दिलं, वंजळभर शेंगा दिल्या आन् म्हनली, मंग आदी त्येच्याकडं जाऊन या, आमी हितंच हाय."

"मग?"

"मंग काय, गेले. बांधावर बसले. शेंगा तशाच वटीत."

मी त्यांच्याशेजारी बसलो. काहीही झालं नाही. दुसऱ्या दिवशी बसलो, सण पार पडल्यावरही बसत राहिलो. बाईंनी एकदाही विचारलं नाही. मला वाटतं, तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "तिला का नेलंस? मी काय करू आता?" आवाज माझाच मला अनोळखी वाटला. मी खूप वेळ रडलो. कडुनिंबाखाली सायकल लावणारा दूधवाला थांबला आणि पुन्हा निघाला.

बाईंनी किल्ली माझ्या हातात दिली. "झालं बोलनं. आज कुलूप तुमी काढा."

उत्तर त्या दिवशी मिळालं नाही, अजूनही मिळालेलं नाही. पण बोलणं सुरू झालं. नंतर मी निम्मी कामं दुसऱ्यांना दिली. छपराचं काम माझ्याशिवाय अधिक बरं झालं.

यंदा माघ संपता संपता बाई गेल्या. दोन दिवस ताप आणि मग शांत झोप. सकाळी त्यांच्या भाचीनं किल्ली आणून दिली. दहाला दफनाची उपासना होती आणि सगळी व्यवस्था माझ्याकडे. माईकवाला दारात उभा, फुलं टोपलीत, खिशात फोन वाजत होता. कुलपापर्यंत गेलो आणि परत फिरलो. बूट काढले, उजव्या बुटात किल्ली ठेवली, पायरीवर बसलो. हात कुठे ठेवायचे ते आता ठाऊक होतं.

फार बोलायला नव्हतं. तू आम्हाला बाई दिल्यास, एवढंच देवाला म्हटलं आणि तेच पुन्हा म्हटलं.

तक्रार करणारे ते पंच आले. घड्याळाकडे पाहिलं, बुटातल्या किल्लीकडे पाहिलं. मग त्यांनीही बूट काढले आणि खालच्या पायरीवर बसले.

पुढच्या सभेत मी इतिवृत्त वाचलं : 'दफनाच्या दिवशी दार उघडण्यास पंधरा मिनिटं विलंब झाला. सेक्रेटरी व एक पंच पायरीवर बसले होते.'

दुरुस्ती कोणी सुचवली नाही. इतिवृत्त कायम झालं.