आपलं आपण
आंबिलीचा आंबूस वास आला की मला अमरावतीतला तो कापूसवाला साहेब आठवतो. अमेरिकेतल्या लढाईमुळं विलायतेला तिकडचा कापूस मिळेना, म्हणून तेव्हा आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि मी साहेबाचा दुभाषी होतो. रोज सकाळी दाढी करता करता तो माझं मोडकं इंग्रजी सुधारायचा, "आय वॉश मायसेल्फ, आय ड्रेस मायसेल्फ, आय फीड मायसेल्फ." म्हणजे आपलं आपण अंग धुवायचं, आपले आपण कपडे घालायचे, आपला घास आपण घ्यायचा. मला हसू यायचं. एवढ्याशा कामाची काय ती फुशारकी! मग त्याला ताप भरला आणि तो काही उतरेचना. बाहेर कापसाच्या गाड्या खोळंबल्या होत्या, एक पाटील सारखा ओरडत होता, "सायेब काहून येऊन नाही राहिला बाहीर?" आत मी आंबिलीचा चमचा साहेबाच्या ओठांशी नेला. त्यानं माझा हात बाजूला सारला, "मायसेल्फ," एवढंच म्हणाला आणि चमचा घेतला. पण चमचा नीट तोंडात जाईना, आंबील वाढलेल्या दाढीवरून उशीवर गळत राहिली. वाटी संपली, पोटात थेंब गेला नाही, आणि मी पडलो नोकर माणूस, नुसता बघत बसलो. शेवटी त्याचं अंग आम्हीच धुतलं, कोटही आम्हीच चढवला, आणि शवपेटी बंद केली. आज सुनेनं आंबिलीची वाटी माझ्यापुढं आणली. "राहू द्या मामाजी, मी भरवतो," ती म्हणाली. मी तिचा हात बाजूला सारला. आता चमचा माझ्या हातात आहे, आणि ती नुसती बघत बसली आहे.