किल्ल्याऐवजी रोमन भिंत

गेल्या दिवाळीत बाबा पुण्याहून आमच्याकडे बेसिंगस्टोकला आले होते, आणि आम्ही आता कायमचे इथेच राहणार हे त्यांना सांगायचं काम माझ्याकडे होतं. बायकोने हात झटकले होते. "तुझे वडील आहेत, तू सांग. मी चहा करून देईन." आम्ही ब्रिटिश नागरिकत्व घेतल्याला काही महिने होऊन गेले होते. बाबांना मात्र वाटत होतं की नातीची प्रायमरी शाळा संपली की आम्ही परत येऊ. त्यांना तसं वाटत राहील याची व्यवस्था मीच केली होती, दर वर्षी "बघू" म्हणून. आई गेल्यावरही मी "बघू"च म्हणालो. पुण्याच्या फ्लॅटमधली मोठी खोली त्यांनी आमच्यासाठी रंगवून घेतली होती आणि स्वतः छोट्या खोलीत झोपत होते. हे मला माहीत होतं.

दिवाळीचा किल्ला करायचाच, हे त्यांनी तिकडून निघण्याआधीच ठरवलं होतं. मी गार्डन सेंटरमधून मातीच्या पिशव्या आणल्या, घरामागच्या पॅटिओवर ताडपत्री अंथरली. आणि लेक म्हणाली, मला रोमन भिंत करायची आहे. शाळेत रोमन लोकांचा धडा झाला होता आणि हाफ टर्मच्या सुट्टीत आम्ही तिला, बाबांसकट, इथल्या उत्तरेतली रोमनांनी बांधलेली जुनी भिंत दाखवून आणलं होतं. तिथे बाबा वाऱ्यात मफलर धरून उभे राहिले आणि म्हणाले, "एवढीच?" मग मोटरवेवर तासन् तास मला ऐकावं लागलं की आपल्याकडे असल्या उंचीवर गुरं चढतात.

पॅटिओवर तेच पुढे चालू.

"किल्ला म्हणजे उंचावर. खाली खिंड, वर बुरूज," बाबा म्हणाले. "ही तर सोसायटीची कंपाउंड वॉल."

"आजोबा, तो भिंत लढाईला नाही. कोण येतो, कोण जातो, ते बघायला आहे. दर मैलला एक छोटा किल्ला, आणि त्याला दोन गेट. पुढे आणि मागे."

"शत्रूच्या बाजूलाही दरवाजा?"

"हो. तिकडचे लोक पण बाजारला यायचे ना."

"म्हणजे वॉचमन आणि टोलनाका."

"एक्झॅक्टली," ती खूश होऊन म्हणाली. टोमणा तिला लागतच नाही.

मला दोघांचाही वैताग आला होता. बाबांचं म्हणणं, एवढी लांब रेघ राखायची तर सैन्य पांगतं, एका जागी फुटली की संपलं. लेकीचं म्हणणं, मोठ्या पलटणी लांब मागे असतात, भिंतीवरच्यांनी नुसती खबर द्यायची. दोघांचंही बरोबर असावं. मी मधे बसून खंदक खणत होतो, कारण खणताना बोलावं लागत नाही.

"बरं, एका बादशहाने ही बांधली. पुढच्याने काय केलं?" बाबांनी विचारलं. तिथल्या म्युझियममधला एकूण एक फलक त्यांनी चष्मा चढवून वाचला होता. वाचलेलं असलं की नावं ठेवायला सोपं जातं. "त्याने आणखी उत्तरेला दुसरी भिंत घातली. आणि थोड्या वर्षांनी ती सोडून सगळे मागे आले. आले की नाही?"

"आले."

"शेवटी मागेच आले," असं म्हणून बाबा माझ्याकडे बघून हसले.

लेकीने मातीचे हात जीन्सला पुसले. "पण सगळे नाही, आजोबा. सोल्जर्स खूप लांबून आणायचे. सीरियातून वगैरे. ते काही लोक घरी गेलेच नाहीत. इथेच फॅमिली केली, इथेच राहिले."

"असं? आणि घरी कळवलं होतं का त्यांनी? का आईबाप बसले वाट बघत?"

ते गमतीत म्हणाले. अजूनही मला तसंच वाटतं.

"बाबा, आम्हीही येणार नाही आहोत," मी म्हणालो. "इथलं नागरिकत्व घेतलंय."

मला हे नीट, समोर बसून, हळू आवाजात सांगायचं होतं. प्रत्यक्षात मी ते हातात खुरपं धरून, त्रासलेल्या सुरात सांगितलं, जणू इतके दिवस अडवून ठेवलं होतं त्यांनीच.

"आजोबांना माहीत नव्हतं?" लेकीने मला विचारलं.

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि बागेतल्या नळावर हात धुऊ लागले. माती गेली तरी धूत राहिले.

"फोनवर सांगता आलं असतं," ते म्हणाले.

"समोर सांगावं म्हटलं."

"समोर येऊन मला महिना होत आला."

खरं सांगायचं तर त्यांनी चिडावं असं मला वाटत होतं. ते चिडले असते तर मीही चिडलो असतो, आणि मग दोघे मोकळे झालो असतो. ते चिडले नाहीत. पुन्हा खाली बसून त्यांनी नातीला भिंत पुरी करून दिली, वर पणत्या लावल्या, आणि वॉटफर्डहून आमचे मित्र फराळाला आले तेव्हा दोन दरवाजे कशासाठी हेही त्यांनीच समजावून सांगितलं. लेकीने मधे मधे दुरुस्त्या केल्या. त्या त्यांनी ऐकून घेतल्या.

त्यांचं परतीचं तिकीट डिसेंबरचं होतं. तोवर ते माझ्याशी व्यवस्थित बोलत होते. एका सकाळी मी किचनमध्ये लॅपटॉप उघडून बसलो होतो. बाबा दाराशी येऊन थांबले.

"थोडं दूध घेतलं तर चालेल ना?"

आल्यापासून हा माणूस माझ्या फ्रिजमध्ये डोकं घालून "हे काय शिळंपाकं साठवलंय" म्हणून आमची शाळा घेत होता, आणि रोज माझं डोकं फिरत होतं.

"घ्या की बाबा. विचारताय काय?" माझा आवाज पुन्हा चढला.

"नाही, विचारलेलं बरं," ते म्हणाले, आणि मी उठून दूध काढून देईपर्यंत दाराशीच उभे राहिले.