भास्करभाऊंची किळस

हॉटेलात चहा आला की भास्करभाऊ कप उजेडाकडे धरायचे आणि कडेवरून बोट फिरवायचे. बोट चिकटलं की कप खाली ठेवून सरळ बाहेर. मी मागे राहून दोघांचा चहा पिऊन घ्यायचो. जळगावच्या स्टँडजवळची बहुतेक हॉटेलं त्यांनी अशीच बाद केली होती. "किळस येते हो," म्हणायचे. "घाणीची नाही. हॉटेलवाल्याला ती दिसत होती, तरी त्यानं कप पुढे ठेवला, त्याची."

जामनेरला त्यांचं कापसाचं जिनिंग होतं आणि पिंप्राळ्यात आमच्या शेजारी घर. मी बँकेत कारकून, त्यांच्याहून बराच लहान. नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत त्यांना रॅलीचा नाद लागला. मातीच्या वाकड्यातिकड्या रस्त्यांवर वेळ लावून गाडी पळवायची, हा तो खेळ. त्यासाठी त्यांनी एस्टीम गाडी घेतली. ते चालवायचे आणि मी शेजारी बसून पुढचं वळण ओरडून सांगायचो. निघण्याआधी ते माझं हेल्मेट आतून हुंगून बघायचे आणि तोंड वाकडं करून परत द्यायचे.

दुसऱ्या वर्षी गाडीचा मागचा भाग वळणावर डोलायला लागला. मागचं चाक गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारा हातभर लोखंडी दांडा असतो, त्याला आर्म म्हणतात. त्याच्या टोकांना रबरी बुश असतात. रॅलीच्या दणक्यांनी ते दबले होते. आमच्यासारखी हौशी मंडळी मूळचे आर्म काढून बाहेर बनवलेले, जास्त ताठ आर्म घालत. भाऊंनी ते निवडायला घेतले आणि आमचा अख्खा उन्हाळा त्यात गेला.

मुंबईच्या एका दुकानात जाडजूड काळे आर्म होते. दुकानदार म्हणाला, "घाटात हेच चालतात सगळ्यांचे." भाऊंनी जोडावरून नख फिरवलं. "वेल्डिंग आहे की शेण थापलंय?" दुसरीकडे बुशचा वास घेऊन त्यांनी तो माणूस बोलत असतानाच पाठ फिरवली. धुळ्याच्या एका कारखान्यात रंगाखाली गंज निघाला. तिथे मात्र ते थांबले आणि मालकाला शांतपणे म्हणाले, "हे तुमच्या पोराच्या गाडीला लावाल का?" मालक हसला. परतीच्या वाटेवर पारोळ्याला भाऊंनी गाडी बाजूला घेतली. मग म्हणाले, "हसला तो. बघितलंस?"

शेवटी पुण्याहून दोन जोड्या आल्या. चांदीसारखे चकचकीत, आट्यांवर लांबी कमीजास्त करता येणारे आणि रबराऐवजी पोलादी गोळीचा सांधा असलेले. भाऊंनी एक हातात घेऊन उलटसुलट केला, रुमालानं पुसला. पहिल्यांदाच त्यांच्या कपाळाला आठी नव्हती. "हे माणसानं केलेलं दिसतंय," म्हणाले.

ते गाडीला बसवून आम्ही पारोळ्याच्या बाजूला सराव करत होतो. उजवं वळण, पुढे नाला. मी ते सांगितलं आणि मागून कडाड आवाज आला. डावा आर्म आटे संपतात तिथे तुटला, चाक आडवं झालं आणि गाडी माझ्या बाजूनं बांधावर आदळली. भाऊंना खरचटलं. माझा पाय मांडीत मोडला.

दवाखान्यात ओळखीची मंडळी जमली. कोणी म्हणालं दगड आडवा आला, कोणी म्हणालं नशीब. भाऊ भिंतीला टेकून ऐकत होते. त्यांचा चेहरा कप खाली ठेवतानासारखा झाला होता.

"दगड नव्हता," ते म्हणाले. "आर्म तुटला. मी निवडलेला."

मग ते माझ्या आईपुढे उभे राहिले. आई मूळची धुळ्याकडची, अहिराणी बोलणारी. तिला ते म्हणाले, "अक्का, हे आर्म कुठल्या रस्त्यावर चालवून बघितलेत, एवढं मी विचारायला हवं होतं. ते न विचारता मी त्यांची चकाकी बघत बसलो. मला माझीच किळस येतेय."

आई म्हणाली, "भाऊ, पाय शे ना जागावर. मंग बठ्ठं शे. बस आते." पाय जागेवर आहे म्हणजे सगळं आहे, एवढंच तिचं म्हणणं. तिनं त्यांना पलंगावर माझ्या पायाशी बसायला जागा करून दिली. ते अंग चोरून बसले.

मी काठी घेऊन चालू लागलो तेव्हा त्यांनी गाडी विकायला काढली. धुळ्याचा एक तरुण आला. त्याला गाडीपेक्षा उरलेल्या आर्मचीच जास्त हौस.

"एकच तर तुटला," तो म्हणाला. "बाकीचे द्या की."

भाऊंनी तिन्ही आर्म उचलले आणि आम्हाला दोघांना कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात नेलं. तिथलं कटर स्वतः हातात घेतलं आणि एकेक आर्म मधोमध कापला. ठिणग्या त्यांच्या पांढऱ्या शर्टावर उडत होत्या. डाग सहन न होणारा तो माणूस तसाच उभा होता.

तरुणानं तुकडे उचलून बघितले. आतलं लोखंड एकसारखं, स्वच्छ होतं. कुठे पोकळी नाही की तडा नाही.

"भाऊ, हे तर चांगले होते," तो हळहळून म्हणाला.

"असतील," भाऊ म्हणाले. "पण तू मागितलेस तेव्हा मला ते माहीत नव्हतं."

भाऊंना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. बँकेत मी पुढे अधिकारी झालो. समोर आलेल्या कागदावर, नीट माहीत नसताना, सही करायला हात पुढे गेला की अजून मला माझीच थोडी किळस येते. मग मी पेन खाली ठेवतो आणि विचारतो.