माझ्या मशीनचे गुण

केजमध्ये माझं एक्स-रे सेंटर आहे. दुसऱ्याच्या डार्करूममध्ये फिल्म धूत मोठा झालो, मशीनही घासाघीस करून घेतलं. पण गावातला छातीचा डॉक्टर माझी फिल्म पाहिली की पेशंटला म्हणायचा, "धुरकट आहे. दुसरीकडून काढून आणा." शेवटी एकदा त्याच्या टेबलावर हात आपटून आलो.

माझा मेहुणा कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. तो म्हणाला, "दाजी, भांडून काय व्हतंय? मोजू."

त्यानं रीत सांगितली. अर्ध्या फिल्म माझ्या, अर्ध्या दुसऱ्या सेंटरच्या. नावं झाकायची, फिल्म पत्त्यांसारख्या पिसायच्या आणि बाहेरच्या दोन डॉक्टरांनी वेगवेगळं बसून स्पष्टपणाला पाचपैकी गुण द्यायचे. काही फिल्म न सांगता दोनदा लावायच्या, म्हणजे डॉक्टर स्वतःशी तरी जुळतो का ते कळतं. "आन् दोघांचं नुसत्या योगायोगानं जेवढं जुळलं आसतं, तेवढं वजा करायचं."

"म्हंजी घासाघीसच की!" मी म्हणालो. तो हसला.

माझ्याकडची एक फिल्म कमी पडली. मला खोकला होताच, धुळीचा समजत होतो. माझ्याच छातीची काढून दिली.

आठवड्यानं तो कागद घेऊन आला. "जिंकलात, दाजी. दोघांचं लई जुळलंय. तुमचं मशीन वरचढ हाय."

"माझ्या छातीच्या फिल्मला किती?"

"पाच." तो बसला नाही. "खाली दोघांनीबी लिहिलंय. उजवीकडं वर डाग हाय, पेशंटला बोलवा."

"मशीनचा आसंल डाग."

"मग बाकीच्या फिल्मवरबी दिसला आसता."

"डॉक्टर चुकला आसंल."

"दोनदा लावलेल्यात तुमची व्हती, दाजी. चारी येळा पाच. चारी येळा डाग."

जन्मभर मी माझ्या मालाची किंमत वर ओढली. त्या दिवशी म्हणालो, "एका डॉक्टरचे तरी पाचाचे दोन कर की रं." तो हसला नाही.

दुसऱ्या सकाळी फिल्म घेऊन गावातल्या त्याच छातीच्या डॉक्टरकडे गेलो. त्यानं ती उजेडावर धरली. मी त्याच्या ओठांकडे बघत राहिलो. धुरकट आहे म्हण, दुसरीकडून आण म्हण, मी हूं की चूं करणार नाही.

त्यानं फिल्म खाली ठेवली. "बसा," तो म्हणाला. "घरचं कोणी सोबत आलंय का?"