अण्णांचा शॉट

पैठण गेटजवळच्या दुकानदाराने जुन्या गेम मशीनसोबत बर्फावरच्या हॉकीची सीडी फुकटात माझ्या गळ्यात मारली. "रख लो बाजी, कोई नहीं लेता," मला ताई करून टाकत तो म्हणाला. घेणार तरी कोण? शहरात प्यायला पाणी नव्हतं, आमच्या कॉलनीत आठवड्याला एक टँकर यायचा, आणि इथे टीव्हीवर मैदानभर बर्फ!

मशीन आणलं होतं अण्णांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी. वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर हा माणूस दिवसभर कॅरम खेळायचा, तरण्याताठ्यांना हरवायचा आणि शीळ घालत घरी यायचा. मग पक्षाघाताचा झटका आला. पाय सावरले, उजवा हात मात्र रुसला. डॉक्टरांनी ओला स्पंज पिळायला सांगितला. "टँकरचं पाणी पिळायला आणलंय व्हय?" म्हणत अण्णांनी तो भांडी घासायला देऊन टाकला. कॅरमबोर्ड पलंगाखाली गेला आणि अण्णा गप्प झाले. त्या गप्पपणाची मला फार भीती वाटायची. गेमच्या नादाने तरी बोटं हलतील, असा माझा हिशेब होता.

त्या खेळात चेंडू नसतो, काळी चकती असते. ती मारायला हातातल्या रिमोटवरची एक छोटी दांडी उजव्या अंगठ्याने मागे ओढायची आणि झटक्यात पुढे ढकलायची. अण्णांनी ती कशीबशी हलवली, आणि चकती सणसणत जाळ्यात! आईने टाळ्या वाजवल्या. मी तर उड्याच मारल्या.

अण्णा लालबुंद. "हा मी मारलेला नाय. माझा अंगठा एवढा हललाच नाय. मला येडं समजता व्हय?"

मी मशीनमध्ये शोधाशोध केली. खरंच की! नवख्यांसाठीची मदत आपोआप चालू होती. दांडीला नुसता धक्का लागला तरी नेम आणि जोर मशीनच लावत होतं.

"बंद कर ते," अण्णा म्हणाले. "जेवढा अंगठा, तेवढाच शॉट."

मदत बंद केली आणि गेम एकदम खरा झाला. इतका खरा, की बघवेना. दांडी अर्धी ओढली तर खेळाडू काठी अर्धीच उचलायचा. पुढे ढकलायला जरा उशीर झाला, की समोरचा चकती पळवून न्यायचा. अण्णांची चकती तर थोडी सरकून मटकन बसायची. आई म्हणायची, "अहो, पहिल्यासारखं करा ना, गोल तरी व्हायचे." अण्णा ऐकतील तर शपथ! समोरच्या मोकळ्या रानात इमारतींचे मजले चढत गेले आणि अण्णा रोज हरत राहिले. ओरडत, शिव्या देत हरायचे, पण गप्प नसायचे.

एका सकाळी आई खाली टँकरच्या रांगेत भांडत होती. अण्णांनी दांडी मागे ओढली, पार शेवटपर्यंत. मग पुढे ढकलली. चकती सरळ जाळ्याकडे गेली आणि गोलकीपरने गुडघे टेकून ती सहज अडवली.

"जाऊ द्या अण्णा," मी म्हणणार होते. पण ते खिडकीशी पोचलेसुद्धा.

"अगं, ऐकलं का!" सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं ते ओरडले. "त्याला वाकावं लागलं! माझ्या शॉटला वाकावं लागलं त्याला!"